पानांचे रंग पाहायचे तर नागपूरहून कधी निघावं, कुठे जावं

दिवाळीच्या दोन महिने आधीपासून नागपुरात एक चौकशी हमखास कानावर येते: सुट्टीत काश्मीरला गेलो तर चिनार लाल मिळतील का? याचं उत्तर दिवाळी कोणत्या तारखेला आहे त्यात दडलेलं आहे. चिनार पंचांग पाहत नाही. तो दरवर्षी साधारण त्याच इंग्रजी तारखांना रंगतो. दिवाळी मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मागेपुढे सरकते. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ साली २९ ऑक्टोबरला आणि २०२८ साली थेट १७ ऑक्टोबरला. या तीन सुट्ट्यांत श्रीनगरची तीन वेगळी रूपं दिसतील. २०२८ मध्ये बहुतेक चिनार हिरवेच, फार तर कडेनं पिवळसर. २०२७ मध्ये नेम बरोबर बसतो. २०२६ मध्ये दिवाळीच्या आधीचा आठवडा गाठला तर उत्तम, घरची दिवाळी आटोपून निघालात तर बराचसा रंग झाडाऐवजी जमिनीवर पाहायची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट बरेच जण लक्षात घेत नाहीत. विदर्भाच्या जंगलातही पानांचा रंग असतो, पण ऑक्टोबरात नाही. त्याचा काळ जानेवारीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. शिवाय इथला सगळ्यात झगझगीत लाल रंग गळणाऱ्या पानांचा नसून नव्या पालवीचा असतो. म्हणजे एका वर्षात दोन हंगाम मिळतात. एकासाठी विमान किंवा लांबची रेल्वे लागते, दुसऱ्यासाठी गाडीत पेट्रोल आणि पहाटे पाचला उठायची तयारी पुरते.

थंड प्रदेशात दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून आतली पोषकद्रव्यं परत ओढून घेतं. हिरवा रंग हटला की आधीपासूनच पानात असलेला पिवळा दिसू लागतो. लाल रंग मात्र त्याच दिवसांत नव्यानं तयार होतो, आणि त्याला स्वच्छ ऊन असलेले दिवस आणि गोठणबिंदूच्या जरा वर असलेल्या गार रात्री लागतात. ढगाळ, पावसाळी ऑक्टोबर गेला की त्या वर्षी लाल कमी आणि तपकिरी जास्त. आपल्याकडची झाडं पानं टाकतात ती मुख्यतः पाणी वाचवायला. पाऊस थांबला, जमीन सुकत गेली की एकेक जात आपापल्या वेळी पानं झटकते. त्यामुळे इथे सगळं जंगल एकाच आठवड्यात पेटल्यासारखं दिसत नाही. जाती ओळखता आल्या तरच त्याची मजा.

काश्मीर: ऑक्टोबरचा शेवट ते १० नोव्हेंबर

श्रीनगरसाठी एकच आठवडा निवडायचा असेल तर २९ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर. मध्य ऑक्टोबरपासून रंग चढायला लागतो, महिनाअखेरीस भर येतो, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वारा-पाऊस झाला की झाडं झपाट्यानं मोकळी होतात. चिनारचं पान एकदम लाल होत नाही. आधी कडा पिवळ्या पडतात, शिरांच्या बाजूचा भाग हिरवाच राहतो. मग पान तांबूस, लाल आणि शेवटी गंजासारखं तपकिरी होतं. शेजारशेजारच्या दोन झाडांतही फरक असतो. एक लालभडक होईल, दुसरं पिवळ्यावरून सरळ तपकिरीवर जाईल. त्यामुळे बागेच्या दारातलं पहिलंच झाड पाहून ‘आलो लवकर’ असं ठरवू नका, आत शेवटपर्यंत फिरा.

पहिली जागा नसीम बाग. हजरतबलजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात, जुन्या चिनारांच्या रांगाच रांगा. कारंजी नाहीत, पायऱ्या नाहीत, नुसती झाडं आणि खाली पानांचा थर. आमच्या मते रंगांसाठी मुघल बागांपेक्षा हीच सरस. विद्यापीठाचं आवार असल्यामुळे फाटकावर ओळखपत्र दाखवायची तयारी ठेवा आणि वर्ग चालू असलेल्या इमारतींपासून लांब राहा. निशात आणि शालिमार दल सरोवराच्या पूर्व अंगाला, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी आहेत. डोंगर पूर्वेला असल्यामुळे या बागांत सकाळी ऊन उशिरा उतरतं, आणि पहाटे सातला पोहोचून सावलीत कुडकुडत बसलेली मंडळी तिथे नेहमी दिसतात. म्हणून सकाळ नसीम बागेला द्या, दुपारी तीननंतर निशात. तेव्हा सरोवरावरून येणारं तिरपं ऊन थेट झाडांवर पडतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, तेव्हा चारनंतर पोहोचलात तर हातात तास-दीड तासच उरतो.

पहलगामच्या बाजूला लिद्दर नदीच्या काठचे पॉप्लर आणि विलो चिनारच्या आधी, साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिवळे होतात, कारण ते गाव श्रीनगरपेक्षा पाचेकशे मीटर उंच आहे. म्हणून सहलीचा क्रम वरून खाली ठेवावा: आधी पहलगाम, मग श्रीनगर. वाटेत बिजबेहाऱ्याला पादशाही बागेतले जुने चिनार आहेत. गाडीवाला स्वतःहून थांबत नाही, निघतानाच सांगून ठेवा. ऑक्टोबरचा शेवट असेल तर पांपोरला केशराची फुलंही मिळतात. गुलमर्गला मात्र रंगांसाठी जाऊ नका. तिथली झाडं सूचिपर्णी, बारमाही हिरवी. तिथे पानांपेक्षा बर्फाला अर्थ आहे. टूरवाले पाच दिवसांच्या पॅकेजात गुलमर्ग आणि सोनमर्ग घालतातच. ते दोन दिवस काढून श्रीनगरला जोडून घ्या.

बिघडतं कुठे? एक म्हणजे अवेळी बर्फ. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जोरदार बर्फ पडला, सफरचंदाच्या बागांच्या फांद्या मोडल्या, रस्ते बंद झाले. म्हणून परतीचं तिकीट आणि कामावर रुजू व्हायची तारीख यांच्यात एक मोकळा दिवस ठेवाच. दुसरं म्हणजे फोन. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातलं एक तरी कार्ड निघण्याच्या पंधरा दिवस आधी पोस्टपेड करून घ्या, आदल्या दिवशी ही धावपळ होत नाही. तिसरं, एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर अनेक पर्यटनस्थळं बंद करून पुढे टप्प्याटप्प्यानं उघडण्यात आली. कोणती जागा चालू आहे हे निघायच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या, बुकिंगच्या वेळचं उत्तर धरून बसू नका.

जायचं कसं? विमानानं दिल्लीला बदल करून जाणं सोपं. दोन विमानांत किमान तीन तासांचं अंतर ठेवा आणि शक्यतो दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. तिकिटं वेगळी असली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढचं तिकीट बुडतं. परतताना श्रीनगर विमानतळावर बाहेरच्या फाटकापासून सामानाची तपासणी सुरू होते, त्यामुळे तीन तास आधी पोहोचा. रेल्वेनं जायचं तर चेन्नईची अंदमान एक्स्प्रेस आणि कन्याकुमारीची हिमसागर नागपूरमार्गे कटऱ्याच्या दिशेनं जातात. दोन्ही रोज नाहीत, आणि गाडी कटऱ्यापर्यंत आहे की अलीकडेच संपते हे तिकीट काढताना पाहून घ्या. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, तिला सुमारे तीन तास लागतात. लांबची गाडी वेळेवर येईल असं धरून त्याच दिवशीची वंदे भारत काढू नका. कटऱ्यात एक रात्र मुक्काम ठेवा.

कपड्यांबाबत नागपूरकरांची चूक ठरलेली: एकच जाडजूड जॅकेट. दिवसा ऊन असताना पंधरा-वीस अंशांत ते नकोसं होतं, संध्याकाळी पारा घसरला की आत काहीच नसतं. आत पातळ थर्मल, मधे स्वेटर, वर वारा अडवणारं हलकं जॅकेट असे तीन थर घ्या. ओल्या पानांवर गुळगुळीत तळाचे बूट घसरतात, खाचा असलेला तळ हवा.

दिवाळी मध्य ऑक्टोबरात येते अशा वर्षी लडाख किंवा हिमाचल धरा. लेह, नुब्रा आणि शाम खोऱ्यातले पॉप्लर-विलो सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सोनेरी असतात, जर्दाळूची झाडं नारिंगी होतात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, विमानानं उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती. हे दोन दिवस वाचवायला जाणारे खारदुंगला खिंड चढताना डोकं धरून बसतात. लाहौल आणि किन्नौरमध्येही ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा चांगला. कुलू-मनाली मात्र ऑक्टोबरच्या अखेरीस.

विदर्भ: जानेवारी ते एप्रिलचा पहिला आठवडा

इथे जाण्याआधी एक गैरसमज दूर करून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेंच किंवा उमरेडकडे सागाची झाडं तपकिरी, जाळीदार दिसतात आणि ‘पानगळ सुरू झाली’ असं लोक म्हणतात. ती पानगळ नव्हे. ती एका पतंगाच्या अळीची करामत. अळी पानाचा हिरवा गर खाते आणि शिरा तेवढ्या सोडते. असं एक पान उचलून आभाळाकडे धरा. मोठ्या शिरा, त्यांतून फुटलेल्या लहान शिरा आणि त्यांच्यामधली अगदी बारीक चौकडी असं सगळं जाळं स्वच्छ दिसतं. झाड यानं मरत नाही. खरी पानगळ डिसेंबरनंतर सुरू होते, आणि फेब्रुवारी संपेतो साग बहुतेक उघडा पडतो. सागाचं मोठं वाळकं पान खाली पडताना चांगला आवाज करतं, सांबर चाललं तर दुरूनच कळतं. रंगाच्या बाबतीत मात्र साग कंजूष: मळका पिवळा आणि तपकिरी, बस.

रंग देणारी झाडं वेगळी. त्यांचा क्रम साधारण असा धरा.

जानेवारी ते मध्य फेब्रुवारी: धावडा. गळण्याआधी याची पानं तांबूस-लाल होतात, डोंगरउतारावर कळपानं उभा असतो, खोड गुळगुळीत फिकट राखाडी. याच दिवसांत शहरातही पाहण्यासारखं असतं. बंगल्यांच्या आवारातल्या, रस्त्याकडेच्या देशी बदामाची मोठाली पानं लालबुंद होऊन गळतात. तामणीचीही तांबूस होतात. जंगलात न जाता लहान मुलांना पानाचा रंग कसा बदलतो ते दाखवायचं असेल तर बदामाखालून हिरवं, पिवळं, अर्धं लाल आणि पूर्ण लाल अशी चार पानं उचला, अख्खा धडा हातात येतो.

मध्य फेब्रुवारी ते तिसरा आठवडा मार्च: पळस. ही फुलं, पानं नव्हेत, हे खरं. पण पानं झडल्याशिवाय पळस असा दिसतच नाही, त्यामुळे पानगळीच्या सहलीत त्याला वगळता येत नाही. होळीच्या आगेमागे भर. पळसासाठी जंगलाचं तिकीट काढू नका. तो शेताच्या धुऱ्यावर, पडीक जमिनीवर आणि रस्त्याच्या कडेला जास्त चांगला दिसतो. रामटेक, उमरेड-भिवापूर, सावनेर-सौंसर यांपैकी कुठल्याही रस्त्याला सकाळी निघालात तरी काम होतं. सोबत काटेसावरीची लाल फुलं आणि सोनसावरीची पिवळी, दोन्ही पानाविना. पांढऱ्याफटक खोडाची, उघडी कढई याच काळात उठून दिसते. गाईड ती भुताचं झाड म्हणून दाखवतात.

मध्य मार्च ते एप्रिलचा पहिला आठवडा: कुसुम. ज्याला या लेखातून एकच गोष्ट करायची आहे त्यानं ही करावी. बाकी जंगल राखाडी-तपकिरी झालेलं असताना नाल्याच्या काठी एकच झाड डोक्यापासून पायापर्यंत लाल असतं. दुरून पाहणारा फुलं समजतो. जवळ गेल्यावर कळतं की ही कोवळी पानं आहेत, मऊ, खाली लोंबणारी, अजून ताठही न झालेली. या कोवळेपणी पानात लाल रंगद्रव्य भरपूर असतं आणि हरितद्रव्य कमी. तीव्र ऊन आणि कोवळं पान खाणारे किडे यांच्यापासून त्याचा बचाव होत असावा, असं वनस्पतीशास्त्रात मानलं जातं. पान ताठ होत जातं तसा रंग लालवरून तांबूस, मग पोपटी होतो. एका झाडावर ही लाली फार तर दहा-पंधरा दिवस टिकते, पण शेजारचं झाड आठवडाभर मागे असू शकतं. म्हणून एखादं हिरवं झालेलं दिसलं तरी निराश न होता पुढच्या नाल्यावर पाहा.

तारीख पक्की कशी करायची? आपल्या वस्तीतल्या पिंपळावर नजर ठेवा. पिंपळाला तांबूस, चमकदार पालवी फुटायला लागली की जंगलात कुसुमाचे दिवस आले असं ढोबळमानानं समजावं. थंडी लांबली तर दोन्ही लांबतात. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे गाईड किंवा रिसॉर्टवाल्याला फोन करून ‘कुसुम लाल झाला का’ असं नेमकं विचारणं. ‘जंगल कसं आहे’ असं विचारलंत तर उत्तर वाघाबद्दलच मिळेल.

जागा. पेंचचं सिल्लारी फाटक नागपूरहून सुमारे सत्तर किलोमीटर. जबलपूर महामार्गावर मनसर, मग पवनीजवळ फाटा. या महामार्गाचे जंगलातले काही तुकडे प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून उंचावर बांधले आहेत आणि कडेला आवाज-उजेड अडवणाऱ्या भिंती आहेत. तिथून झाडं दिसत नाहीत आणि थांबणं धोक्याचं आहे, तेव्हा फोटोचा विचार फाट्याच्या आत वळल्यावरच करा. उमरेड-कऱ्हांडला साठेक किलोमीटर, अर्ध्या दिवसात होतं, पण मिश्र जंगलाची श्रीमंती पेंचएवढी नाही. नागझिरा सव्वाशेच्या आसपास. तिथलं जंगल अधिक मिश्र, झाडांसाठी जाणाऱ्याला ताडोब्यापेक्षा नागझिराच सुचवावा. ताडोब्यात झाडासाठी गाडी थांबवा म्हटलं की सोबतचे पर्यटक रागावतात.

सफारीचं बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं. शनिवार-रविवार आणि होळी-पाडव्याचे दिवस लवकर भरतात, मधल्या वारी जागा मिळते. ताडोबा मंगळवारी बंद असतो. मध्य प्रदेशातल्या पेंच-कान्हाला बुधवारची दुपारची फेरी नसते. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. झाडांसाठी बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, फेरी पुरेशी असते: स्वस्त, गर्दी कमी. बुकिंगमध्ये ज्यांची नावं आहेत त्यांनी मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं, फोनमधला फोटो फाटकावर चालेलच असं नाही. आणि निघण्यापूर्वी गाईडला स्पष्ट सांगा: वाघ दिसला नाही तरी चालेल, नाल्याच्या कडेनं हळू घ्या, कुसुम आणि मोह दिसला की थांबा. हे ऐकून बहुतेक गाईड आधी गोंधळतात, मग खुलतात. जिप्सी पूर्ण तुमची असेल तरच हे जमतं.

उजेडाचं गणित सोपं आहे. मार्चमध्ये सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मधल्या उन्हात लाल रंग फिकट, पांढुरका दिसतो. कोवळी पानं सूर्याकडे तोंड करून पाहा, उजेड पानातून आरपार येतो तेव्हा खरा रंग कळतो. फोनवर फोटो घेताना स्क्रीनवरच्या पानावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर लाल भाग सपाट डागासारखा येतो.

फेब्रुवारीत जंगलातल्या रस्त्यांच्या दोन्ही कडा जळालेल्या दिसतील. ती बहुतेक वेळा आग लागलेली नसते. वनखातं वणवा पसरू नये म्हणून मुद्दाम जाळरेषा जाळतं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा इथला वणव्याचा काळ धरला जातो, आणि पानगळीचा हंगाम नेमका त्यातच येतो. रस्ता सोडून वाळक्या पाचोळ्यावर गाडी उभी करू नका, गाडीखालचा तापलेला सायलेन्सर पाचोळ्याला पेटवायला पुरतो. डबा घरून शिजवून न्या, जंगलाच्या कडेला चूल मांडायचा बेत नको. मार्चअखेरीस पहाटे मोहाखाली फुलं वेचणारी माणसं भेटतात. त्यांचं ते वर्षाच्या उत्पन्नातलं काम असतं, तेव्हा फुलांवरून चालू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पारा चाळिशीपार जातो आणि कुसुम हिरवा होऊन इतर झाडांत मिसळून जातो. तेव्हा जायचंच असेल तर बहाव्यासाठी जा, पण तो शहरातही तितकाच फुलतो. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि दहाच्या आत परत, एवढं पाळलं तर मार्चची सहल लहान मुलं आणि आजी-आजोबांनाही झेपते.